धीरज डेटा गोदाम

३ नोव्हेंबर, भाऊबीज

धीरज दुपारच्या गाडीनं पुण्याला परत गेला. दिवाळीचे दोन दिवस होता. आमचं बोलणं असं झालं: मी विचारलं, जेवला का? तो म्हणाला, हो. त्यानं विचारलं, बीपीची गोळी घेता का? मी म्हणालो, हो. संपलं. बाकी वेळ तो गॅलरीत फोनवर. ऑफिस, ऑफिस, ऑफिस.

निघताना विचारलं, बाबू, तुझं काम नेमकं आहे तरी काय? म्हणाला, बाबा, तुम्हाला नाही समजणार. स्टोरेजचं आहे.

स्टोरेज! पुलगावात माझी तीन गोदामं आहेत. कापसाच्या गठाणी, सरकी, सोयाबीन, चणा. जन्मभर मी स्टोरेजशिवाय दुसरं काही केलं नाही. पोरगा बापाचाच धंदा करतो आणि बापाला समजणार नाही म्हणतो. म्हणजे त्याच्या रक्तात गोदाम आहे, फक्त त्याला कोणी सांगितलेलं नाही.

त्याचे सगळे फोन मी गॅलरीखाली ओट्यावर बसून ऐकलेत. शोभा म्हणाली, पोराचं चोरून काऊन ऐकता? याला चोरून ऐकणं म्हणत नाहीत. कारंज्याच्या ढाब्यावर गिलास धुता धुता ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकून मी कापसाचा बाजार शिकलो आणि या दोन कानांवर तीन गोदामं उभी केली. याला शिक्षण म्हणतात.

ठरलं. त्याच्या धंद्यातले शब्द शिकायचे. शब्द आले की बोलणं होईल. बोलणं झालं की पोरगा येईल. पुढची दिवाळी तो इथं, माझ्या गादीवर बसून करेल. लिहून ठेवतो.

९ नोव्हेंबर

यूट्यूब पाहतो आहे. सोपं आहे.

सॅन म्हणजे स्टोरेज एरिया नेटवर्क. एका जागी मोठं गोदाम, त्यात नुसत्या डिस्क. कामाची कॉम्प्युटरं दुसरीकडे. मधे त्यांचा खासगी रस्ता, बाकी कोणाच्या गाडीला त्यावर बंदी. म्हणजे कापूस मिलमधून गोदामात आणायला आपली स्वतःची रेल्वे लाइन. यासाठी पोरं इंजिनिअरिंगला जातात!

जो माल मागतो तो इनिशिएटर. जो देतो तो टार्गेट. टार्गेट स्वतःहून कधी काही देत नाही, मागितलं तरच देतो.

आमच्याकडे रविवारी फोन मी करतो. म्हणजे मी इनिशिएटर, धीरज टार्गेट. तो स्वतःहून फोन करत नाही म्हणून शोभा उगाच डोळे पुसते. तिला समजावलं, ही सिस्टिमच तशी असते.

१० नोव्हेंबर, रविवार

आज पहिला शब्द टाकला. जेवला का, वगैरे झालं. मग सहज म्हटल्यासारखं विचारलं, बाबू, लन म्हणजे काय रे?

मग म्हणाला, हे कुठं ऐकलं तुम्ही? मी म्हणालो, वाचण्यात आलं.

मग बोलायला लागला. मोठ्या स्टोरेजचे तुकडे पाडतात, प्रत्येक कॉम्प्युटरला एकेक नेमून देतात, त्या तुकड्याला लन म्हणतात. मी म्हणालो, म्हणजे एका गोदामात पाट्या मारून पाडलेले खण, हा खण याचा, तो त्याचा. पोरगा हसला. हो बाबा, खणच, म्हणाला.

हसला! चहा गार होऊन वर साय आली तरी बोलत होता. शोभा कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली, विचारते, काय झालं, कोणी गेलं का?

नियम: दर रविवारी एकच शब्द. दोन कधीच नाही. माल जपून काढायचा.

१ डिसेंबर

शब्दांवर थांबणारा माणूस मी नाही. नागपूरला एक कंपनी बंद पडली, तिच्या सामानाचा लिलाव होता. अख्खी सॅन उचलली. कपाट, त्यात चोवीस डिस्क, दोन कंट्रोलर, दोन स्विच, वायरींचा गठ्ठा. लिलावात माझ्यासमोर दुसरा कोणी बोलायलाच उठला नाही. माझी किती दहशत आहे ते तिथं समजलं.

गोदाम नंबर तीनमध्ये धरमकाट्याच्या खोलीत बसवली. एसी लावला. वर्ध्याहून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला मुकेश आला, त्यानं चालू करून दिली. हिरवे दिवे असे लागले की खोली देवघरासारखी दिसते. बाहेर बोर्ड: धीरज डेटा गोदाम.

धीरजला इतक्यात सांगायचं नाही. एकदम दाखवायचं.

शोभा म्हणाली, त्याले इचारलं का? मी म्हणालो, माल आणताना गोदामाला कोणी विचारते का? म्हणाली, गोदामाले नाई हो, पोराले.

बाईमाणूस. धंदा समजत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

फोन सूनबाईनं उचलला. ईरा बोलते गोड. म्हणाली, बाबा, धीरज मीटिंगमध्ये आहे. मागून धीरजचा आवाज आला, झोपलाय सांग. माझे कान तेज आहेत, त्याला मी काय करणार.

आजचा शब्द मास्किंग. लन जागच्या जागी असतो, चालू असतो, फक्त ठरावीक कॉम्प्युटरला तो दिसू नये अशी सोय केलेली असते. मालाच्या सुरक्षेसाठीच असते ती. त्यात वाईट काही नाही.

५ जानेवारी

आता गिऱ्हाईक आहे. निकेश, व्हिडिओ शूटिंगवाला. अख्ख्या तालुक्याची लग्नं तोच शूट करतो. त्याच्या दुकानात डिस्कांचा ढीग, बायको ओरडते. त्याला म्हणालो, घरात कचरा कशाला ठेवतो, शूट झालं की माझ्या गोदामात आणून टाक आणि आपल्या डिस्क पुसून पुन्हा वापर. म्हणाला, शेठ, भरवशाचं आहे ना? मी म्हणालो, चाळीस वर्षांत माझ्या गोदामातून चण्याचा दाणा इकडचा तिकडे झाला नाही. गळ्यात पडला माझ्या. साधा पोरगा आहे.

शेजारचे हरिभाऊ, रिटायर हेडमास्तर, त्यांनीही गावाचे जुने फोटो दिले. देताना विचारतात, हिरालाल, डेटाला उंदीर लागत नाही ना रे? त्यांचा मुलगा ऋग्वेद अमेरिकेत आहे, दर रविवारी व्हिडिओवर तासभर बोलतो, त्यामुळे त्यांना जोक सुचतात.

आजचा शब्द थिन प्रोव्हिजनिंग. चार जणांना दहा-दहा खण कबूल करायचे, प्रत्यक्षात असायचे वीस, कारण एकदम सगळ्यांचा माल येत नाही. हे आम्ही सोयाबीनमध्ये वर्षानुवर्षं करत आलो आहोत, फक्त त्याला इंग्रजी नाव आहे हे माहीत नव्हतं.

मुकेशनं दोन डिस्क हॉट स्पेअर म्हणून मोकळ्या ठेवल्या होत्या. काम काही नाही, एखादी बिघडली तर तिच्या जागी उभं राहायचं, तोवर नुसतं फिरत बसायचं. असे दोन हमाल माझ्याकडे असते तर मी हाकलले असते. दोन्ही कामाला लावल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

बरेच रविवार मास्किंग चालू होतं. आज फोन लागला.

शब्द खास ठेवलेला होता, रेड. विचारलं आणि पोरगा खुलला. सांगतो, माल सगळ्या डिस्कांवर थोडा थोडा पसरवून ठेवतात आणि सोबत हिशोब असा ठेवतात की एक डिस्क गेली तर बाकीच्यांवरून तिचा माल परत बनवता येतो. मी विचारलं, म्हणजे एक काढली तरी चालतं? तो म्हणाला, एक गेली तरी चालतं, पण त्यानंतर नवीन पूर्ण भरेपर्यंत दुसरीला धक्का लागता कामा नये, त्याला खूप वेळ लागतो. पुढंही बरंच सांगितलं. मी त्याचा आवाज ऐकत होतो. लहानपणी पतंगाची गोष्ट सांगायचा तसा सांगत होता.

नोंद: एक काढली तरी चालतं.

शेवटी म्हणाला, बाबा, तुम्हाला यात एवढा इंटरेस्ट कसा? सांगून टाकावंसं वाटलं. जीभ चावली.

३० मार्च, गुढीपाडवा

येतो म्हणाला होता. आला नाही. पुण्यात फ्लॅट घेतला, त्याचा आज ताबा. शोभाला फोटो पाठवले. मला नाही पाठवले, पण आमचे दोघांचे फोन एकाच टेबलावर असतात म्हणून असेल.

फ्लॅटची चिंता नाही. यांच्या धंद्यात मुख्य जागेखेरीज लांबच्या गावी एक जागा ठेवतातच, आगबीग लागली तर असावी म्हणून. मुख्य जागा पुलगावच.

सॅनमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरकडून दोन वायरी निघतात, दोन वेगळ्या स्विचमधून त्याच डिस्ककडे जातात. मल्टिपाथिंग. एक रस्ता बंद पडला तर दुसरा. एकाच गावाला दोन रस्ते, दोन्हीकडे वीज जळते. एक स्विच काढून ठेवला.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

उद्घाटन. रिबन धीरजनं कापायची होती. सरप्राइज आहे, ये, एवढंच कळवलं होतं. सुट्टी नाही म्हणाला. शेवटी हरिभाऊंनी कापली. कात्री हातात घेऊन विचारतात, ज्याचं नाव बोर्डावर आहे तो कुठाय? लोक हसले. मीही हसलो. धंद्यात हसता आलं पाहिजे.

पेढे चांगले होते.

२५ मे

निकेशच्या लग्नसराईचा सगळा माल आत आहे. खण फुल. हे पाहायला धीरज हवा होता.

आज एक मुलगी आली होती, वर्षाली. एप्रिलच्या शेवटी तिचं लग्न झालं आणि पंधरवड्यात तिचे वडील अटॅकनं गेले. म्हणाली, काका, पूर्ण लग्न नको, वरातीतलं तेवढं पाहिजे. बाबा नाचले होते. जन्मात पहिल्यांदा नाचले. निकेश म्हणाला, ताई, एडिटिंग व्हायचं आहे, पण शूट शेठकडे सेफ आहे. मी म्हणालो, बेटा, बँकेत नसेल असं सेफ आहे. माझ्या पाया पडली.

१ जून

पावसाळ्याआधी गोदामात थप्पी पलटतात. खालच्या पोत्यांना ओल धरते, म्हणून खालचा माल वर आणि वरचा खाली. माझ्या गोदामात हा नेम कधी चुकला नाही. एक आणि दोन नंबर काल झाले. तीन नंबरचं काय? डिस्क तर नागपूरपासून जशा आल्या तशाच बसल्या आहेत. खालच्या रांगेवर धूळ.

नीलेशला बोलावलं. माझा सगळ्यात हलक्या हाताचा हमाल. म्हणाला, शेठ, लाइट चालू हाय, बंद करून काढू का? मी म्हणालो, थप्पी पलटायले गोदामाचा धंदा बंद करते का कोणी? एक-एक काढ. एक काढली तरी चालतं, खुद्द धीरजनं सांगतलं.

एक काढायची, मऊ फडक्यानं पुसायची, बसवायची, मग दुसरी. खालच्या वर, वरच्या खाली. खोलीच्या कोपऱ्यांत कडुलिंबाचा पाला. नीलेशनं काम इतकं सुबक केलं की त्याला चहा मी स्वतः दिला.

काही दिवे लाल झाले आहेत. हिरव्यापेक्षा उठून दिसतात. मशीन टीं-टीं करून राह्यली. नवीन जागेवर गाय हंबरतेच. वर एक पोतं टाकलं, आवाज बराच कमी झाला.

२ जून

निकेशला काही दिसत नाही म्हणे. त्याला समजावलं, तात्पुरतं मास्किंग आहे.

संध्याकाळी मुकेश आला. त्यानं पोतं काढलं, पाहिलं आणि तिथंच जमिनीवर बसला. शेठ, हे कोणं केलं? मी म्हणालो, सर्व्हिसिंग केलं. म्हणतो, शेठ, याले सर्व्हिसिंग नाई म्हणत, याले तेरवी म्हणतात.

भाषा पाहा या लोकांची.

पहिली डिस्क परत बसवली तेव्हा तिनं भरायला सुरुवात केली होती, ती अर्धवट असतानाच दुसरी काढली, मग तिसरी, असं तो काहीतरी सांगत होता. निकेश पायरीवर बसलेला. त्याच्या बायकोनं येऊन त्याला उठवून नेलं.

३ जून

धीरजला सांगितलं. लिलाव, बोर्ड, निकेश, थप्पी, सगळं. मग म्हणाला, कशालाही हात लावू नका. मी येतो.

मी येतो!

निकेशचं वाईट झालं, खोटं कशाला लिहू. पण आजवर पाडवा झाला, अक्षय तृतीयेची रिबन झाली, त्यातल्या कशानंही जे झालं नाही ते या लाल दिव्यांनी केलं. शोभाला म्हणालो, पाटवडी रस्सा कर. ती म्हणाली, लोकायची लग्नं बुडाली अन तुमाले पाटवडी सुचते?

मला रात्रभर झोप नाही. आनंदानं.

५ जून

आला. वर्ध्याहून सरळ गोदामावर. बाहेर बोर्डासमोर उभा राहिला, बराच वेळ. स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात पाहून भरून आलं असणार.

आत जाऊन विचारलं, दुसरा स्विच कुठाय? सांगितलं. स्पेअर डिस्क? सांगितलं. मग डोळे मिटून नाकाचं हाड दाबत बसला. प्रवासाचा थकवा.

६ जून

आजचा दिवस. काय लिहू.

सकाळपासून दोघं त्या खोलीत. तो खुर्चीवर, मी स्टुलावर. पेचकस मागितला की पेचकस देतो, चहा मागितला की चहा. कंट्रोलर, कॅश, पॅरिटी, रीबिल्ड, तो बोलतो, मी हो म्हणतो. एवढं तो माझ्याशी दहावीपासूनचं सगळं मिळून बोलला नसेल. मधेच म्हणाला, बाबा, कोणती डिस्क आधी काढली, आठवतं का? मी म्हणालो, नीलेशला विचारू. नीलेशला सगळं आठवत होतं, थप्पी लावणाऱ्याला आठवतंच. त्याच्यावरून धीरजनं क्रम जुळवला आणि दुपारी स्क्रीनवर निकेशची फोल्डरं दिसायला लागली. निकेश रडला. वर्षालीला बोलावणं गेलं. धीरज तिला म्हणाला, नागपूरहून मोठी डिस्क मागवली आहे, तिच्यावर सगळं उतरवून घेतोय. तुमच्या लग्नाचा नंबर उद्या दुपारनंतर. मग ती तिथून हललीच नाही. शोभानं तिला पोळी खायला लावली.

मला बाजूला घेऊन म्हणाला, बाबा, नीट ऐका. एक डिस्क कायमची मेली आहे. जे दिसतंय ते बाकीच्यांच्या जिवावर उभं आहे. आता एकही हलली तर सगळं गेलं, मग मलाही जमणार नाही. मी म्हणालो, ऐकलं.

संधी पाहून विषय काढला. राहा इथंच. गादी तुझी, बोर्डावर नाव तुझंच आहे. तो स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, बाबा, हे भंगार आहे. भंगारातून आणलंय, भंगारात घाला.

ठीक. सौदा असाच सुरू होतो. समोरचा आधी मालाला नावं ठेवतो. मी मनात म्हणालो, चार दिवस राहिला तर भाव बसेल.

पण मग तो गॅलरीत फोनवर गेला. मी ओट्यावर होतो. ईराला सांगत होता, उद्या संध्याकाळी कॉपी झाली की लगेच निघतो. नाही गं, एक दिवससुद्धा जास्त नाही. माझा जीव गुदमरतो इथं.

उकाडा फार आहे यंदा.

७ जून

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी काही वेगळं सांगायला नको.

दुपारी धीरज जेवायला घरी गेला, वर्षालीलाही शोभानं जेवायला नेलं. मी म्हणालो, तू जा, मी बसतो राखणीला. कॉपी चालू होती. स्क्रीनवर हिरवी पट्टी पुढं पुढं सरकत होती. ती शेवटाला पोचली की संध्याकाळची गाडी.

हिशोब सरळ होता. कॉपी मधे थांबली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन दिवस. एकही हलली तर सगळं गेलं, असं तो म्हणाला होता, मान्य. पण इंजिनिअर लोक भीती थोडी वाढवूनच सांगतात. एक काढली तरी चालतं हे त्यानंच फेब्रुवारीत सांगितलेलं. मेलेली डिस्क मेली ती तिच्या मरणानं. ती माझ्या खात्यात कशी धरणार? माझी एक बाकी होती.

मधली एक निवडली. अलगद ओढली. थोडा वेळ बाहेर ठेवून परत बसवणार होतो.

मशीन ओरडायला लागली. आजपर्यंत असा आवाज ऐकला नव्हता. पोतं टाकलं. थांबली नाही. परत बसवली. थांबली नाही. आमचं घर अंगणापलीकडेच. धीरज धावत आला, हात खरकटाच, बोटांना रस्सा. मागं वर्षाली. माझ्या हातात तोवर पुन्हा तीच डिस्क, दुसऱ्यांदा बसवून पाहावी म्हणून काढलेली.

हिरवी पट्टी गेली होती. फोल्डरं गेली होती.

मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. पुण्याला गेल्यापासून तो आमच्यासारखं बोलत नाही, आज बोलला. म्हणाला, काऊन बाबा?

मी म्हणालो, धूळ बसली होती.

त्यानं एकदा पाहिलं माझ्याकडे. त्याला समजलं. तेज कान माझे आहेत, पण डोळे त्यानं आईचे घेतले आहेत.

मग वर्षालीकडे वळला आणि म्हणाला, ताई, माझ्या हातून गेलं. माझी चूक झाली.

ती पदराला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते.

धंद्याची जबाबदारी अंगावर घ्यायला पोरगा शिकला. एवढं चांगलं झालं.

८ जून

काल संध्याकाळच्याच गाडीनं गेला. मी स्टेशनवर सोडायला येतो म्हणालो. तो म्हणाला, नको. आईच्या पाया पडला. माझ्याही पडला, पण वाकला तेव्हा चप्पल घालतच होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

निकेशची चार-पाच लग्नं वाचली. बाकीच्या पार्ट्या सकाळपासून त्याच्या दुकानावर येतात. त्यानं दुकान तात्पुरतं बंद ठेवलं आहे.

१५ जून, रविवार

शब्द लेटन्सी. मागणी आणि उत्तर यांच्यामधला उशीर. फोन केला. रिंग पूर्ण वाजली. उशीर आहे, नकार नाही.

२२ जून, रविवार

आज शब्द न टाकता नुसतं, जेवला का, असा मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे माल पोचला.

सॅन भंगारवाल्यानं नेली. हरिभाऊ फाटकात उभे होते. जोक केला नाही. त्यापेक्षा केला असता तर बरं झालं असतं.

बोर्ड मात्र मी उतरवला नाही. उद्या धीरजला हवा असला तर?

२९ जून, रविवार

शोभाची पिशवी भरून झाली आहे. जवसाची चटणी, सरगुंडे, धीरजसाठी तिखट, ईरासाठी साडी. पुण्याला चालली, नव्या घरात. किती दिवस, विचारलं. म्हणाली, पाहू. दिवाळीही तिकडेच कर म्हणते पोरगा.

तिकीट धीरजनंच काढून फोनवर पाठवलं. मी चष्मा लावून नीट वाचलं. शोभाबाई हिरालाल जयस्वाल, वय, सीट नंबर, खालचा बर्थ. आणखी खाली सरकवून पाहिलं. आणखी काही नव्हतं.

मी विचारलं, मायं तिकीट? ती पिशवीची चेन लावत होती. म्हणाली, त्यानं एकाचंच पाठवलं जी. मग म्हणाली, भाजी दोन दिवस पुरते. भात लावजा.

बरोबरच आहे. पोरगा विचार करून काम करतो. दोघंही गेलो तर मागं गोदामं कोण पाहणार? हंगामाचा माल उठला, तिन्ही सध्या रिकामी आहेत, पण राखायला माणूस लागतोच.